जालं की जाल्लो

आमच्या वेल्ह्याकडे काम संपलं की ‘जालं’ म्हणतात. ‘झ’ आमच्या तोंडात बसतच नाही. भोरच्या कॉलेजात बाईंनी तो बसवायचा लई घाट घातला, शेवटी त्याच दमल्या. या एका शब्दापायी मी फ्लॉरेन्समध्ये नापास होता होता वाचले.

तिथे मी भित्तिचित्रं शिकायला गेले होते. निघताना आबा म्हणाले, “भितीला रंग द्याया इमानानं जाया लागतंय व्हय? ग्रामपंचायतीची भित हितंच हाय की!” आबा गवंडी. पानशेतला पुणेकरांचे बंगले बांधतात. माझं एकही चित्र त्यांनी कधी धड पाहिलं नव्हतं, आणि मला तर मेलं त्यांनाच दाखवायचं होतं.

तिथली तऱ्हा अशी, की चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंगवायचं. वाळला की खेळ खलास. परीक्षेच्या भिंतीवर मी आमचा डोंगर काढला, सोनकी फुलते तेव्हाचा. हिरवा, तपकिरी दिला आणि मास्तर मागून ओरडले, “जाल्लो! जाल्लो!”

मला वाटलं, खूश आहेत, जालं म्हणतायत! कुंचला धुतला आणि ऐटीत आइस्क्रीम खायला गेले. संध्याकाळी परत येते तर मास्तर डोकं धरून बसलेले. जाल्लो म्हणजे पिवळा. पिवळा राहिलाय म्हणून बिचारे बोंबलत होते, आणि माझी सोनकी पांढरीफटक वाळली होती. परीक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार. इटालियन मला ‘नमस्कार’ आणि ‘संडास कुठे’ एवढंच यायचं, म्हणून रडणं मराठीतच उरकलं.

सकाळी आबांना व्हिडिओ कॉल लावला. ते परांचीवर होते.

“येडी का खुळी तू? वाळला तेवडा ठोकून काड. पाणी मार. मंग नवा लाव.”

तासभर ते तिकडून ओरडत होते आणि मी थापी चालवत होते. मास्तर आ वासून बघत उभे.

“आगं, कडंला दाब! कुनी शिकवलं तुला?”

“तुमी शिकवलंच न्हाई!” मी खेकसले.

गिलावा बसला. आबांनी विचारलं, “जालं?”

“सी, सी! जाल्लो!” हो-हो अशी मान डोलवत मास्तरांनी पिवळ्याची वाटी माझ्या हातात कोंबली.

“काय म्हंतोय गडी?”

“पिवळा दे म्हणतायत.”

“मंग दे की! सोनकीला काय चुना लावतीस?”

मी रंगवत सुटले. आबांनी फोन ठेवला नाही, डोळ्यांजवळ नेला.

“ती वाकडी पायवाट,” ते एकदम म्हणाले, “आपल्या घराची न्हवं?”

“व्हय, आबा.”

“मंग दारातला आंबा कुटं गेला?”

परीक्षक आत आले तेव्हा मी डोळे पुसत आंबा काढत होते, आणि मास्तर फोनपुढे वाकून आबांना विचारत होते, “जाल्लो?”

“न्हाई,” आबा म्हणाले, “अजून फांदी ऱ्हायलीय.”