खाणीतली लाल रेघ

बाळारामदादांच्या खांद्यावर कायम गवंड्याची लेव्हलची नळी असे. वास्तविक ते गवंडी नव्हते. भिवंडीलगत राहनाळजवळच्या एका दगडखाणीत सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या टोळीचे मुकादम होते. पण चहाच्या टपरीवरही ती पाण्याने भरलेली नळी सोबत! दोन हजार चारच्या सुमारास मी भिवंडीत भूगोल शिकवत होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी मला धारेवर धरलं.

“मास्तर, तुमी पोरांना सांगता, आपला काला दगड थरावर थर सपाट बसलाय?”

“हो. लाव्हा थंड होऊन थर झाले.”

“मंग चला खानीवर.”

खाणीच्या कड्यात दोन काळ्या थरांमधून लाल मातीची रेघ गेली होती. दादांनी नळीचं एक टोक रेघेला लावलं, दुसरं माझ्या हाती देऊन मला पश्चिमेकडे पिटाळलं. अशा नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं; माझ्याकडचं पाणी छातीशी थांबलं आणि रेघ होती गुडघ्यापाशी. इतकी वर्षं मी फळ्यावर सपाट थर काढत आलो होतो. चांगलाच ओशाळलो.

“दर्याकडं कललाय,” दादा म्हणाले. “कुनी कलवला, तेवढा मना सांगा.”

मी मुंबईच्या एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र टाकलं. त्यांना यायला दोन महिने लागले. इकडे ठेकेदाराला नेमका तोच कोपरा उडवायचा होता. दादा रोज काहीतरी निमित्त काढून तिथली भोकं पाडणं लांबणीवर टाकत राहिले. शेवटी, प्राध्यापक येण्याच्या तोंडावर, त्यांची मुकादमी गेली. मला फार वाईट वाटलं.

“मुकादमी परत मिलंल,” ते म्हणाले. “रेघ ग्येली तर त्या सायबाना दावनार काय?”

प्राध्यापक आले तेव्हा रेघ शाबूत होती. त्यांनी सांगितलं, कोट्यवधी वर्षांपूर्वी थर सपाटच होते. मग पश्चिमेची जमीन तुटून दूर गेली, किनाऱ्यालगत मोठा भ्रंश, म्हणजे खोलवर भेग, पडली, तिकडची बाजू खचली आणि इथले थर तिकडे वाकले. गणेशपुरीचं गरम पाणीही अशाच भेगांतून वर येतं.

“तुटलेला तुकडा कुटं हाय?”

“हिंदी महासागरात. सेशेल्स बेटं.”

“तिथल्या लोकांना म्हाईत हाय?”

प्राध्यापक हसले. दादा हसले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराने तो कोपरा उडवला. मी हळहळत दादांच्या घरी गेलो. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवशी त्यांनी उलट माझीच समजूत घातली, ते अजून आठवतं.

“मास्तर, ठेकेदार दगड न्हेल. कल कसा न्हेल? त्यो खालपत्तूर हाय.”