कादंबरी वाचली असे समजून

आमच्या वाचनालयात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट आहे. मुलं क्लासला जातात, पुस्तकं कपाटातच राहतात. शेवटी वैतागून मी मोठ्या माणसांचंच वाचक मंडळ काढलं. अक्षर मोठं, पानं कमी, तेव्हा आमच्या मंडळींना एवढं झेपेल असा माझा होरा होता. ग्रंथपालाला तेवढी आशा करायची मुभा असावी.

पहिल्याच बैठकीला दूध सोसायटीचे माजी चेअरमन मधल्या खुर्चीत बसले. आमच्या बारामती-इंदापूर भागात माणूस एकदा चेअरमन झाला की मरेपर्यंत चेअरमनच असतो. "आता पुस्तकावर बोला," असं मी म्हटल्यावर ते उठले आणि म्हणाले, "सभासदांनी कादंबरी वाचली असे समजून ती मंजूर करावी, असं मी सुचवतो." मागून कुणीतरी अनुमोदन दिलं. "मंजूर! मंजूर!" झालं आणि चहा आला. सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवालाचं हेच होतं, त्यामुळे यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. अशा तीन कादंबऱ्या आम्ही एकमताने मंजूर केल्या. माझा राग मी कपबशा विसळताना काढत असे.

चौथी कादंबरी एका मुलीची होती. घरचे तिचं सगळं परस्पर ठरवतात आणि ती हळूहळू बोलणंच बंद करते. चेअरमननी नेहमीचा ठराव मांडला, तेवढ्यात अंथुर्ण्याहून येणारे आबा उभे राहिले.

"माझा विरोध हाय."

सगळे गार पडले. आमच्याकडे विरोध म्हणजे निवडणुकीला दुसरं पॅनेल. चेअरमननी सावधपणे विचारलं, "आबा, तुमच्या मागं कोण कोण हाय?"

"कुणी न्हाय. मी वाचलीया."

मंडळात असलं काही करणारे ते पहिलेच. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण आबांचा चेहरा बघून हात आवरले.

"गेल्या रविवारी आमच्या नातीची सुपारी फोडली," ते म्हणाले. "पोरगी नर्सिंगला जायचं म्हणत हुती. पण पाव्हणं चांगलं, जमीन बागायती. तिला विचारलंय असं समजून बैठकीत सगळ्यांनी व्हय म्हणलं. सूचक मीच. ही पुस्तकातली पोरगी निम्म्यापासनं बोलायची थांबती. आमची रविवारपासनं थांबलीया. मला वाटलं, लाजती."

मग चेअरमन माझ्याकडे वळून म्हणाले, "विरोधाची नोंद घ्या." आबा तोवर चहा न घेताच निघून गेले होते. या माणसांवरचा सगळा राग त्या दिवशी मला ओशाळवाणा वाटला.

पुढचे काही दिवस मला चैन नव्हतं. मग एका दुपारी एक मुलगी ते पुस्तक परत द्यायला आली. तिने आबांचं नाव सांगितलं तेव्हा ती कोण हे कळलं.

"आबांनी विचारलं का तुला?" मी न राहवून म्हटलं.

"विचारलं की. मी न्हाय म्हणलं. सोयरीक मोडली."

"मग आबा का नाही आले?"

"त्यांना बरं वाटंना," ती म्हणाली. "बाबा, चुलते, आज्जी, कुणीच त्यांच्याशी बोलत न्हाय आता. मी एकटीच बोलती."