कॅमेऱ्यापुढची कढई

वैशाखातल्या दुपारी आमच्या भट्टीवर जो वास दाटतो, तो ज्यानं एकदा घेतला त्याला जन्मभर पुरतो; बाभळीच्या लाकडाचा धूर, आटत चाललेल्या म्हशीच्या दुधाचा गोडसर जडपणा आणि पत्र्याखाली साचून राहिलेलं, हलायचं नावच न घेणारं ऊन. परंडा तालुक्यातल्या आमच्या घरी खवा होतो. आयर्लंडला शिकायला गेलेली मी त्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच भट्टीजवळ लॅपटॉप उघडून बसले होते. “एवढी शिकलीस अन् आलीस का परत कढईपाशी?” शेजारच्या काकूंनी विचारलंच. आले. मग?

विद्यापीठाचा नियम असा, की आठ आठवड्यांची इंटर्नशिप झाल्याशिवाय आणि तिथल्या प्रमुखाची त्यावर सही आल्याशिवाय पदवी मिळत नाही. अख्खा हिवाळा आयर्लंडमधल्या त्या करड्या, ओलसर खोलीत बसून मी अर्ज धाडत राहिले; काहींनी गोड शब्दांत नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. शेवटी एका छोट्या कंपनीनं घरून काम करायची मुभा देऊन मला घेतलं, आणि त्याच आठवड्यात आई अंगणात घसरली, तिचं उजवं मनगट मोडलं. घरून काम करायचं तर मग माझ्या घरून का नको? विद्यापीठाला विचारलं, कंपनीला विचारलं, दोघांनीही हो म्हटलं, आणि मी निघाले.

काम ऐकाल तर हसाल. दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या नोंदी तपासायच्या आणि दूध तळाला लागायच्या आधीच ते कसं ओळखावं हे शोधायचं. आमच्या आईला जे नुसत्या वासावरून कळतं, ते मी आकड्यांच्या रांगांत धुंडाळत होते! पण आमच्या घरी खवा होतो, हे मी कंपनीत कुणालाच सांगितलं नाही. उलट पहिल्याच बैठकीआधी पडद्यावर माझ्यामागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावून टाकलं. आईनं ते कपाट पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. त्या दिवसापासून माझी बैठक चालू असली की ती माझ्यामागून कमरेत वाकून जायची, प्लास्टरमधला हात पोटाशी धरून.

“अगं, सरळ जा की,” मी एकदा म्हटलं.

“नको बाई, तुझ्या सायबाला दिसंल.”

मी पडद्याकडे वळले; कपाट तसंच ठेवलं.

शेवटच्या दिवशी अडीच वाजता सगळं काम मांडून दाखवायचं होतं. त्यावरच सही अवलंबून. नेमका त्याच दिवशी दुधाचा टेम्पो वाटेत बंद पडला आणि दूध दारात आलं तेव्हा दोन वाजले होते. माझे वडील, अण्णा, सकाळचा खवा घेऊन कुर्डुवाडीच्या एसटीनं गेलेले. त्या उकाड्यात दूध आणखी तासभरही तग धरणार नव्हतं, आणि एकदा ते भट्टीच्या चुलाणावर चढलं की उलथणं धरलेला हात थांबवायचा नाही, पाहुणा आला तरी नाही, ही आमच्या घरची रीत. आई डावा हात पुढं करून म्हणाली, “म्या हाय की. तू जा तुझ्या कामाला.” भरलेली कढई, आणि एक डावा हात! असा संताप आला मला. टेम्पोचा, तिचा, सगळ्यात जास्त त्या कपाटाचा. ओढणी कमरेला खोचली, पालथ्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवला, पडद्यावरचं कपाट पुसून टाकलं आणि कढईसमोर उभी राहून बैठकीत शिरले.

पुढं ढकलायचं का, प्रमुखांनी विचारलं. दूध थांबत नसतं, आजच बोलते, मी म्हटलं. मग उलथणं फिरवत, डोळ्यांत उतरणारा घाम खांद्याला पुसत, जे जे सापडलं होतं ते सांगत गेले. बुडबुडे कधी जड होतात, आवाज कधी बदलतो, हेही दाखवलं. शेवटी त्यांनी एक आलेख उघडायला सांगितला. त्यासाठी हात सोडणं भाग होतं, आणि दूध तर आता अगदी लागायच्या बेताला आलेलं.

तेवढ्यात आई आली. वाकून नाही, चांगली ताठ चालत. माझ्या हातातलं उलथणं डाव्या हातात घेतलं आणि शेजारी उभी राहिली.

माझी आई, मी त्यांना सांगितलं. दूध कधी लागतं ते हिला नुसत्या वासावरून कळतं. कसं कळतं, ते जरा त्यांना विचारा ना, प्रमुख अगदी मनापासून म्हणाले. मी आईला मराठीत सांगितलं. तिनं कढईवरची नजर काढली नाही.

“त्यास्नी म्हणावं, इथं येऊन उभं राहा.”

मी शब्दन् शब्द तसाच त्यांना सांगितला.

दोन दिवसांनी सहीचं पत्र आलं. कामाविषयी चार चांगल्या ओळी होत्या. भट्टीविषयी, धुराविषयी तक्रारीचा एक शब्दही नव्हता. काकूंना मी ते मुद्दाम वाचून दाखवलं. आईला मात्र एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे, आणि रोज उलथणं हातात घेतलं की ती ओठांपर्यंत येते: ते कपाट लाव म्हणून तिथल्या कुणीच मला कधी सांगितलं नव्हतं.