कोरलेलं दार

सुतार दार बसवायचा तेव्हा बघायला कुणी थांबत नसे. बघण्यासारखं होतं तरी काय? चौकट ओळंब्यात घ्यायची, बिजागऱ्या मारायच्या, की दार निमूट लागायचं आणि वीस वर्षं कुरकुरायचं नाही. अशी हजारेक दारं त्याने बसवली. त्याला स्वतःला कौतुक मात्र एकाचंही नाही. "दार काय, कुणीही बसवतं," म्हणायचा. जीव अडकलेला मेहुण्याच्या कोरीवकामात. मेहुणा लाकडात पक्षी कोरी, लोक वाहवा करीत, आणि हा घरी येऊन तोंड पाडून बसे.

बायकोने हे रडगाणं तीस वर्षं ऐकलं. दार बसवताना फळी धरायला तीच जायची. नवऱ्याच्या हातात काय आहे ते तिला ठाऊक होतं, काय नाही तेही.

लेकीने घर बांधलं, पुढचं दार बापाकडे आलं. सुतार तीन महिने पटाशी घेऊन बसला. मोर कोरले.

"कोंबड्या छान झाल्यात," बायको म्हणाली.

"मोर आहेत ते!"

"असं होय! मग सांगा त्यांना, त्यांनाही कळू दे."

मोरांभोवतीची वेल तर त्याने थेट दाराच्या कडेला भिडवली. रंधा मारायला बोटभरही जागा ठेवली नाही. शिकाऊसुद्धा असं करत नाही. बिजागऱ्या शेवटच्या दिवशी घाईत ठोकल्या.

पहिल्याच दमट हवेत दार फुगलं आणि चौकटीत रुतलं.

"बाबा, कडेने रंधा मारून दोन सूत काढा ना," लेक म्हणाली.

"वेल जाईल गं."

"जाऊ दे की! मला माझ्या घरात शिरायचंय."

सुतार रंधा धरून पानं न्याहाळत राहिला. मग रंधा पिशवीत घातला. "हवा सुकली की लागेल आपोआप."

हत्यार न चालवता कामावरून परतणारा नवरा बायकोने पहिल्यांदा पाहिला. तिला लाज वाटली.

दोन महिने लेक मागच्या दाराने आली-गेली. मग तिने तयार दार आणून दुसऱ्याकडून बसवून घेतलं. बापाला विचारलंही नाही.

सुतार बायकोला घेऊन बघायला गेला. एका नजरेत म्हणाला, "वरची बिजागरी सूतभर आत गेलीय. वर्षात दार लोंबेल. मला सांगायचंस की."

"तुम्ही कुठे दारं बसवता आता, बाबा?"

लेकीच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर बायकोला जरा बरं वाटलं असतं.