पुजाऱ्याच्या हातची गोळी

आधीच सांगून टाकते, मंत्रतंत्रावर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. गंडेदोरे बांधणाऱ्याला वडील उंबऱ्याच्या आत घेत नसत, आणि मी त्यांचीच मुलगी. धानोरा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तापाने फणफणलेल्या एका बाईच्या दंडावरचा धागा मी ड्रेसिंगच्या कात्रीने कापला. सुई नीट टोचता यावी म्हणून, असं तिला सांगितलं. खरं म्हणजे मला तो धागा बघवत नव्हता. जेवून परत येते तर खाट रिकामी. नवरा तिला सायकलवर बसवून घेऊन गेला होता. ती वाचली की नाही, मला आजही ठाऊक नाही. ही चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही.

आमच्या भागात आजारी माणूस आधी पुजाऱ्याकडे जातो. पुजारी म्हणजे देवळातला नव्हे. झाडपाला देणारा, धागा बांधणारा, गावाचा वैद्य. त्याने एकदा रोगी हाती घेतला की त्याने सोडेपर्यंत दुसऱ्याच्या हातचं औषध घ्यायचं नाही आणि मीठ-तेल खायचं नाही. नियम मोडला तर दोन्ही औषधं वाया जातात, असा पक्का समज. तोवर आमच्या गोळ्या लोक "हो बाई" म्हणून घेत आणि कुंपणापलीकडे टाकून देत. आम्ही ओरडायचो, ते लपवायचे. एवढा साधा नियम कळायला मला दोन वर्षं लागली, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

मग एकदा धान कापणीच्या दिवसांत जवळच्या गावची आशाताई एका सात महिन्यांच्या पोटुशा पोरीला घेऊन आली. रक्त तपासलं तर मलेरिया, तोही मेंदूत चढणारा. डॉक्टर तरुण, शहरातून आलेला. दंडावरचा धागा बघून त्याने पोरीला आणि तिच्या सासूला वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलं. पोरीने ओठ घट्ट मिटले. गोळ्या तिच्या मुठीतच राहिल्या.

सासू मला हळूच म्हणाली, "पुजाऱ्यानं सोडलं नाई अजून, बाई. कशी खाईल थे? सुई टोचली त घेऊन जाऊ आम्ही."

रिकाम्या खाटेचा अनुभव मला होता. मी स्कूटी काढली आणि पुजाऱ्याचं शेत गाठलं. तो धान कापत होता.

"भाऊ, तुमची रोगी आमच्याकडे हाये. तिले सोडा."

विळा न थांबवता तो म्हणाला, "तूच ना थे धागा कापनारी?"

"मीच."

"मंग आज काऊन आली?"

"तवा माझं चुकलं. पन ताप डोक्यात चढला त दोन जीव जातीन."

त्याने हातातली ओळ पूर्ण केली. मला राग आला, पण बांधावरच थांबले. मग कंबर सरळ करत तो म्हणाला, "तिले मी पोटात काईच देल्लं नाई. पोटुशा बाईले झाडाची साल देत नाई मी. तुमच्या डाक्टरनं इचारलं का कोनाले?"

नव्हतं विचारलं. मीही नव्हतं विचारलं. लाज वाटली.

तो स्कूटीवर मागे बसून आला. वॉर्डात शिरताच डॉक्टर म्हणाला, "यांना आत कोणी घेतलं?" मी म्हटलं, "मी." पुजाऱ्याने तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत धागा सोडला आणि माझ्यापुढे हात केला. मी गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"किती दिवस?"

"तीन."

तो पोरीकडे वळला. "हे आता माझं पथ्य. तीन दिवस. ताप उतरला तरी सोडाचं नाई. सोडलं त मी पुन्हा हाती घेनार नाई. मीठ खाय, जेव."

पोरीने त्याच्या हातून गोळ्या घेतल्या आणि गिळल्या. डोस पुरा करा म्हणून मी इतकी वर्षं घसा कोरडा करत होते, आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावरही ही पोर स्वतःहून गोळी मागत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटावर यंत्र ठेवलं, बाळाचे ठोके ऐकले आणि मला रडू आलं.

त्याच महिन्यात मला चंद्रपूरला एका कार्यशाळेला पाठवलं. पारंपरिक उपचार आणि आधुनिक आरोग्यसेवा यांचा समन्वय, असं भलंमोठं बॅनर. मंचावर सात जण. झाडपाल्याचे फोटो पडद्यावर येत होते आणि लोक माना डोलवत होते. मी उभी राहून विचारलं, यात पुजारी कुठे आहे? चहाची वेळ झाली, असं उत्तर मिळालं.

परत आले तर टेबलावर नोटीस. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला वॉर्डात घेतलं, त्याच्या हातून औषध दिलं, अंधश्रद्धेला खतपाणी घातलं, खुलासा करावा. सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिही आणि मोकळी हो. मी लिहिलं: गोळी शासनाची होती, हात त्याचा होता. आई आणि बाळ जिवंत आहेत. अशी वेळ आली तर पुन्हा बोलावीन.

खुलासा असमाधानकारक ठरला. बदली झाली सूरजागडच्या बाजूला. गेले, आणि हजेरीवर सही करण्याआधी तिथल्या शिपायाला विचारलं, "भाऊ, इथला पुजारी कुठी राह्यते?"