चढावर आई उतरली तेव्हा

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. भूतखेत वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. शिवाय मी ऑकलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक मोजतो. मोजता येत नाही ते लिहीत नाही. आज लिहितोय, कारण दमलोय.

आई एकोणऐंशीची. बॉटनी या उपनगरातल्या आमच्या घरात तिच्या बेडपासून बाथरूम अकरा पावलांवर, तेवढ्यातही वॉकर धरून दोनदा थांबते. उठवायला-बसवायला मी आणि बायको वैशाली, पाळीपाळीने... चार वर्षं. सोमवारी रेस्ट होमच्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमाच्या, फॉर्मवर सही करायची होती. म्हणून आदल्या दिवशी तिला फिरवून आणलं.

ऑकलंडच्या दक्षिणेला एका फार्मवर जुन्या काळची प्रवासी घोडागाडी चालवतात. दोन घोडे, आम्ही धरून सहा प्रवासी. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. चढ लागला तशी गाडीवानाने गाडी थांबवली. म्हणाला, "पूर्वी इथे सगळे उतरून चालायचे, घोड्यांना ओढवायचं नाही. आजी बसल्या तरी स्वीट ॲज, काही हरकत नाही."

मी आईला मराठीत सांगितलं.

"मी का बसू? त्या मुक्या जनावरांनी माझं ओझं ओढायचं?"

"आई, तू जेमतेम चाळीस किलोची!"

"मग तू आधी उतर. पोट बघ स्वतःचं."

वैशाली हसली. आई दांडा धरून उतरली... आणि चालायला लागली. वॉकर गाडीतच राहिला. मी धरायला धावलो.

"सोड रे, हिने धरलंय की."

आईच्या उजवीकडे कुणी नव्हतं. डावीकडे मी. वैशाली मागून मोबाइलवर व्हिडिओ घेत होती.

सवयीने मी पावलं मोजली. चारशे बारा. ती एकदाही थांबली नाही.

वर पोचल्यावर विचारलं, "कोणी धरलं होतं?"

"ती गोरी बाई, लांब झग्यातली. तीसुद्धा दमली होती बिचारी."

व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिलाय. बाई दिसत नाही. आईच्या उजव्या दंडावरची बाही मात्र चुरगळलेली दिसते — कुणी घट्ट धरल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, उत्साहाच्या भरात होतं असं. चारशे बारा पावलं? त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी पोचल्यावर कारमधून उतरतानाच आईचे पाय लटपटले. मी आणि वैशालीने उचलून आत नेलं.

सोमवारी मी सही केली.

आई रागावली नाही. एवढंच विचारलं, "तिथे धरायला कुणी असेल ना?"

मी हो म्हणालो. कोण, ते मला अजून सांगता येत नाही.