भरू नये, भरून ये

मला गाण्यातल्या हरकती घ्यायची खोड होती. दवंडीवाल्यानं हलगी बडवावी, हुकूम ओरडावा, पुढच्या चौकात जावं. मी गायचो. देवानं मला गळा दिला तेव्हा डोकं वाटणारा जेवायला गेला होता, असं आमची घरची म्हणते. खोटं नाही.

हुकूम एवढाच होता: 'उद्या सकाळी हौदावर पाणी भरू नये.' गाळ काढायचा होता. बुधवार पेठ, भर दुपार. आम्हांला पेठेत शिरायची मुभा दुपारचीच. तेव्हा सावली पायाखाली असते, कुणाच्या अंगावर पडत नाही. चौक गच्च भरलेला पाहून मला चेव चढला. 'भरू नये'मधला 'न' मी मागच्या शब्दाला चिकटवला आणि 'ये' असा ताणला, की वळचणीचे पारवे उडाले.

'ऐका हो ऐका! उद्या सकाळी हौदावर पाणी भरून येऽऽऽ!'

दुसऱ्या दिवशी गाळ काढणारे गुडघाभर चिखलात, आणि काठावर हंडे-कळशा घेतलेल्या बायकांची ही गर्दी. ऐकून मला हसू आलं. पुढं बरेच दिवस आलं नाही.

पेठेचा कारभार पाहणाऱ्या कारभाऱ्यांनी बोलावलं. ते ओट्यावर, लोडाला टेकून. मी खाली रस्त्यात, उन्हात, अंग चोरून.

"या, गवयीबुवा," ते म्हणाले. ओट्यावरची मंडळी खो खो हसली. मग आवाज बदलला. "आमच्या मातोश्री खिडकीत बसल्या होत्या. त्यांना तू 'ये' म्हणालास?"

म्हणजे पाण्याचं काहीच नव्हतं. 'ये'चं होतं.

पेठेत 'ऐका हो' म्हणायचं आणि नागझरीच्या ओढ्यापल्याड आमच्या मांगवाड्यात 'ऐक रे'. हुकूम तोच, हलगी तीच, तोंडही तेच. माझ्या आईला, चुलत्याला, सासऱ्याला मी जन्मभर 'ऐक रे' ओरडत आलो. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. हे मेलं जास्त डाचतं.

"आता दवंडी पिट," कारभारी म्हणाले. "शब्द नीट ऐक. 'ऐका हो ऐका, मी गाढव आहे, माझं ऐकू नका.' एकही चौक सोडायचा नाही."

पिटली. पहिल्या चौकात माझी मलाच गंमत वाटली. माणूस बोंबलून सांगतोय ऐकू नका, आणि ऐकायला ही झुंबड. दुसऱ्या चौकात कुणीतरी ओरडलं, "हरकत घे की रे!"

मी घेतली.

मार विसरतो माणूस. ती हरकत विसरता येत नाही.

शेवटी मांगवाडा. तिथं शब्द बदलला. 'ऐक रे मांगवाड्या, मी गाढव आहे.' आमची घरची दारात जोंधळे पाखडत होती. सूप खाली ठेवलं. आत गेली. रात्री भाकरी वाढली आणि पाठ फिरवून बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग उन्हाळा आला. हौद भरून वाहिला की जास्तीचं पाणी पाटानं पेठेबाहेर, नागझरीकाठच्या दगडी डोणीत पडायचं. ती डोण ढोरांची आणि आमची. दुसरं पाणी आम्हांला शिवायचं नव्हतं. त्या वर्षी कारभाऱ्यांनी वाड्यामागं मोगरा लावला. मोगऱ्याला पाणी हवं. त्यांनी डोणीवर काठीवाला बसवला. पोरं नागझरीचं हिरवं पाणी पिऊ लागली, हगवणीनं आडवी झाली. माझी धाकटी त्यातच.

आणि मला कारभाऱ्यांचं बोलावणं आलं.

"मांगवाड्यात दवंडी दे. 'डोणीवर पाणी भरू नये.' आणि गवयीबुवा, या खेपेला श्वास जपून."

मी मान खाली घालून निघालो. धाकटीचे खोल गेलेले डोळे समोर दिसत होते. नागझरीचा काठ गाठला आणि हसू फुटलं. 'हो'च्या तोंडी 'ये' शोभत नाही, म्हणून मी गाढव. पण 'रे'ला? 'रे'च्या पुढं 'ये' अगदी बरोबर बसतं. त्यांनीच बसवून दिलं होतं.

मी डोणीपाशीच उभा राहिलो, काठीवाल्याच्या कानाशी. हलगी अशी बडवली की कातडं तापलं.

'ऐक रे मांगवाड्या! डोणीवर पाणी भरून येऽऽऽ!'

काठीवाला गोंधळला. पण हलगीसकट आलेला हुकूम म्हणजे हुकूम. तो बाजूला झाला. सगळा मांगवाडा आला. हंडे, मडकी, घागरी, एक म्हातारी तर परात घेऊन. डोणीचा तळ दिसला. मोगरा तहानलेला राहिला.

मला धरून नेलं. तोच ओटा, तेच ऊन.

"पुन्हा चुकलास?" कारभाऱ्यांनी विचारलं.

सुटका याच शब्दात होती. गाढवाला माफी मिळते.

"न्हाई धनी," मी म्हणालो. "या खेपंला चुकलो न्हाई. जाणून वरडलो."

कारभारी लोडावरून पुढं सरकले.

"शिक्षा ठाऊक आहे. चल, सुरू कर. 'मी गाढव आहे.'"

"न्हाई वरडत."

काठीवाल्यानं पाठ फोडली. मग सुरीनं हलगीचं कातडं उभं चिरलं, कडं माझ्या गळ्यात अडकवलं आणि तसंच पेठेतून पिटाळलं. डोणीवर दुसऱ्या दिवसापासून दोन काठीवाले बसणार होते.

घरी आलो. धाकटी पाणी पिऊन निजली होती. घरचीनं पाठीला हळद लावली. हात हलका नव्हता. मी म्हणालो, "हलगी गेली. आता कोण ऐकतंय माझं?"

चिरलेलं कातडं तिनं कड्यावरून ओढून काढलं, चुलीत घातलं.

"कातडं फाटलं, गळा न्हाई," ती म्हणाली. "उद्या म्या हंडा घेऊन डोणीवर जाती. समद्या बाया येत्यात. तुमी त्या कारभाऱ्याच्या ओट्याम्होरं हुबं ऱ्हावा अन् त्येला नाव घिऊन हाळी द्या, आमी पाणी भरतूया म्हणून. अन् 'ऐका हो' म्हणाल तर घरात घेणार न्हाई. 'ऐक रे' म्हणायचं."